हात ठेव

भटूआप्पाच्या स्नूकर हॉलचा जिना चढणारा माणूस खोकत वर जायचा आणि उतरणारा कधी कधी गडगडत खाली यायचा. खोकला मिरचीचा होता. नंदुरबारात एका व्यापाऱ्याचं मिरचीचं जुनं गोदाम होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर आप्पाने आपलं टेबल मांडलं होतं. गोदाम रिकामं होऊन बरीच वर्षं झाली होती, पण खकाणा भिंतींत मुरून बसला होता. नवा माणूस नेम धरायला वाकला की हमखास शिंकायचा. गडगडणं मात्र आप्पाच्या हातचं काम होतं.

मी तिथल्या ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवत होतो. संध्याकाळ कुठे घालवायची हा प्रश्न मला या जिन्यावर घेऊन आला, आणि मी पहिल्यांदा वर चढत होतो तेव्हाच एक तरुण माझ्या अंगावरून खाली गेला. पाठोपाठ त्याची चप्पल आली. मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. वरून आवाज आला, "या सर, वर या. तो चालना गया."

आप्पा अंगाने दांडगा होता, मान आखूड, डोळे बारीक. बोटं मात्र लांब आणि सडपातळ होती, ती त्या देहाला कुणीतरी उसनी दिली असावीत असं वाटायचं. उन्हाळा असो की हिवाळा, तो सँडो बनियनवर खेळायचा. थंडीत बाकीचे स्वेटर घालून कुडकुडत असायचे आणि याच्या उघड्या दंडांवर काटा उभा असायचा, पण शर्ट अंगाला लावायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, "बाही ऱ्हायनी का हात आंधया व्हई जास." बाहीने हात आंधळा होतो, असं त्याचं म्हणणं. तरुणपणी सुरतेला कापडाच्या बाजारात हमाली करता करता तो तिथल्या एका क्लबात शिरला, तिथल्या उस्तादाकडून मार खात खेळ शिकला, आणि क्लब मोडला तेव्हा त्याचं टेबल ट्रकमध्ये घालून घेऊन आला. त्याच्या पूर्वायुष्याबद्दल याहून जास्त मला ठाऊक नाही. विचारायची सोयही नव्हती.

त्या टेबलाच्या हिरव्या कापडावर आप्पाचा जीव होता. एकदा वाळूच्या ठेकेदाराची तीन माणसं दुपारीच पिऊन वर आली. त्यातल्या एकाने बिडी ओढता ओढता ती टेबलाच्या कापडावर विझवली. आप्पाने हातातला लाल बॉल सरळ त्याच्या तोंडावर फेकला. दात फरशीवर पडल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्याने सुरा काढून आप्पाच्या खांद्यावर ओढला. आप्पाने त्याचं मनगट धरलं आणि खिडकीच्या चौकटीवर आपटत राहिला, सुरा पडला तरी आपटत राहिला. तिसरा आपण होऊनच जिना उतरला. मग आप्पा ब्रश घेऊन बिडीची राख साफ करायला लागला. रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं, ते कापडावर सांडू नये म्हणून खांदा बाहेर काढून तिरका उभा राहून ब्रश मारत होता. टाके घालायला चला म्हणून मी ओढत होतो, तर मलाच म्हणाला, सर, बाजूला सरका, उजेड अडतो.

अशा माणसाला भ्यायचं की त्याच्यावर लोभ करायचा, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

आप्पाचा कायदा एका ओळीचा होता. ज्याच्या हातून फाऊल होईल त्याने तो स्वतः सांगायचा. बॉलला कपडा लागला, बोट लागलं, क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाचा दोनदा स्पर्श झाला, तर समोरच्याने पाहिलं असो वा नसो, आपण सरळ उभं राहायचं आणि म्हणायचं, फाऊल माझा. सांगितलं तर आप्पा खूश. लपवलं आणि त्याने पकडलं, तर तो दोनच शब्द बोलायचा, "हात ठेव." मग त्या माणसाने डावा हात टेबलाच्या लाकडी काठावर पालथा ठेवायचा आणि आप्पा क्यूच्या जाड बुडाने त्याच्या बोटांवर तडाखा द्यायचा. एकच. हात न ठेवणाऱ्यासाठी जिना होता, आणि जिन्यावरून गेलेल्याला परत प्रवेश नव्हता.

वकिलांच्या, डॉक्टरांच्या पोरांनीही तो तडाखा खाल्ला होता आणि सुजलेली बोटं मिरवली होती. गावात दुसरं टेबल नव्हतं हे एक, आणि आप्पाचा मार खाल्लेला पोरगा पुढे कुठेही खेळायला गेला की त्याच्या शब्दाला किंमत असायची हे दुसरं. मला हा सगळा प्रकार रानटी वाटायचा. मी तसं तोंडावर सांगितलंही. त्यावर त्याने मलाच विचारलं, तुम्ही पोरांना नापास करता तेव्हा काय त्यांच्यावर फुलं टाकता का?

रायसिंग पराडके धडगावची जीप चालवायचा. चांदसैलीचा घाट उतरून प्रवासी नंदुरबारात आणायचे आणि परतीची जीप भरेपर्यंत वाट पाहायची, हा त्याचा दिवस. त्या वाट पाहण्यात तो कधीतरी वर आला आणि टेबलाच्या नादी लागला. घरी तो पावरी बोलायचा, ती इथे कुणाला कळत नव्हती. म्हणून तो आमच्याशी शाळेत शिकलेल्या मराठीत बोलायचा, तेही मोजकं. खिशात जीपची चावी असायची, पितळी कड्यात अडकवलेली, चालला की वाजायची. हात मात्र असा स्थिर की आप्पा त्याचा खेळ पाहताना चहा विसरायचा. स्वतःची चांगली क्यू तो फक्त रायसिंगला देत असे.

त्याच रायसिंगचं बोट आप्पाने मोडलं.

आप्पाची पाठ टेबलाकडे होती. तो खिडकीशी उभा राहून कुणाच्या तरी क्यूचं टोक घासत होता. रायसिंगने टेबलावर ओणवं होऊन एक अवघड बॉल मारला आणि आप्पा गर्रकन वळला. दोनदा लागलं म्हणाला. टक टक असा दुहेरी आवाज त्याने ऐकला होता. आपल्या कानांचा त्याला फार गर्व होता. पाठमोरा असताना कुठला बॉल कुठल्या पॉकेटात गेला हे तो सांगायचा आणि ते खरं निघायचं.

"नाही झाला, आप्पा," रायसिंग म्हणाला.

"मन्हा कान कधी खोटं सांगतस नही. हात ठेव."

रायसिंगने जिन्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं. मग हात ठेवला. खोटं बोलल्याचा राग असावा, की लाडक्याने खोटं बोलल्याचा, आप्पाने तडाखा नेहमीपेक्षा जोरात घातला. मधल्या बोटाचं हाड मोडल्याचं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. रायसिंग ओरडला नाही, गुडघ्यांवर बसला आणि ओकला. मी त्याला हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. कसं झालं म्हणून डॉक्टरने विचारलं तर तो म्हणाला, जीपच्या दारात सापडलं.

त्या संध्याकाळी मी आप्पाला नको नको ते बोललो. तो ऐकून घेत होता आणि टेबल पुसत होता. प्लास्टर निघाल्यावर रायसिंग परत आला तेव्हा बोट वाकडं जुळलेलं होतं. त्या वाकड्या बोटाच्या आधाराने क्यू जास्तच छान बसते असं आप्पाने सगळ्यांना दाखवलं आणि वर म्हणाला, "देख, मी तुले नवं बोट दिधं." लोक हसले. रायसिंगही थोडा हसला. त्याच्यात एकच फरक पडला होता. आता तो आला की आधी खिशातली चावी काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचा आणि मगच क्यूला हात लावायचा. आम्हाला वाटलं, शिस्त लागली.

घरी हा माणूस कसा वागत असेल याची मला काळजी वाटायची. एकदा जेवायला गेलो तेव्हा सिंधूवहिनींना आडवळणाने विचारलं. त्या कळण्याची भाकरी थापत होत्या. "घरमा तो बोलस बी नही," म्हणाल्या. "जो काय गोंधय घालस तो तठेच." आणि आप्पा आत बसून नातीच्या वेणीला रबर लावत होता.

आप्पाच्या मनात एकच गोष्ट होती, राज्याची रँकिंग स्पर्धा. ती पुण्याला भरायची. शेवटच्या आठांत आलेल्यांना राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडायचं. आप्पा दरवर्षी जायचा आणि पहिल्या दुसऱ्या फेरीत हरून यायचा, आल्यावर आठवडाभर कुणी त्याच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. सुरतेच्या उस्तादाने त्याला एकदा सांगितलं होतं की हमालाने बॉल मारावेत, स्नूकर खेळू नये. ते वाक्य त्याच्या छातीत काट्यासारखं मोडून राहिलं होतं. आता लांबचा बॉल त्याला धूसर दिसायला लागला होता. एकदाच, एकदाच त्या आठांत नाव लागू दे, मग डोळे गेले तरी चालतील, असं तो मला म्हणाला होता.

त्या वर्षी आम्ही रायसिंगच्या जीपने गेलो. स्पर्धेत पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, काळं जाकीट आणि गळ्याला बो लागतो. आप्पा त्यात इतका अवघडलेला दिसायचा की बघवत नव्हतं. दर फ्रेमनंतर, म्हणजे दर डावानंतर, मनगटाची बटणं चाचपायचा. पण खेळ मात्र असा लागला होता की मी तसा कधी पाहिला नव्हता. आदल्या वर्षी त्याला हरवणारा खेळाडू या वर्षी खुर्चीत बसून नखं खात होता. एकेक करत आप्पा सोळांत आला. पुढचा सामना जिंकला की आठांत.

समोर मुंबईचा एक तरुण होता. फ्रेम बरोबरीत आल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये टेबलावर निळा, गुलाबी आणि काळा उरले. तिन्ही घेतले तर आप्पा जिंकत होता, एक चुकला तर घरी. निळ्यावर नेम धरायला त्याला डावा हात गुलाबी बॉलच्या वरून न्यावा लागला. रेफरी पाठीमागे उभा होता आणि मधे आप्पाची भली मोठी पाठ. तो तरुण तोंडावर टॉवेल घेऊन बसला होता. मी पांढऱ्या बॉलकडे पाहत होतो.

आप्पा वाकला, क्षणभर थबकला, आणि मारला. निळा गेला. मग गुलाबी गेला. मग काळा. टाळ्या वाजल्या, हस्तांदोलन झालं, भिंतीवरच्या स्क्रीनवर आठांत त्याचं नाव झळकलं. मी उठून नाचायच्या बेतात होतो आणि शेजारी रायसिंग मात्र हात मांडीवर ठेवून बसून होता.

थोड्या वेळाने आप्पा मला हाताला धरून स्पर्धेच्या संचालकांकडे घेऊन गेला, रायसिंग मागोमाग आला, आणि मला आधी काही न सांगता आप्पाने सरळ त्यांनाच सांगितलं. बाही गुलाबीला लागली होती, बॉल जवाएवढा हलला होता, फाऊल माझा, त्या पोराला जिंकवा. संचालक सज्जन माणूस. त्याने नियम समजावला की फाऊल त्या वेळी कुणी पकडला नाही आणि पुढचा स्ट्रोक खेळला गेला की तो माफ होतो. निकाल लागला, आता बदलत नाही. मनाला लावून घेऊ नका म्हणाला. आप्पाने त्याची कॉलर धरली. माफ कोणी केला म्हणून ओरडला, त्याला टेबलावर दाबून धरलं, आणि मी आणि रायसिंगने मिळून त्याची बोटं सोडवली. संचालकाने तेही मोठ्या मनाने माफ केलं. त्या दिवशी आप्पाला कुणीच शिक्षा द्यायला तयार नव्हतं.

पुढच्या फेरीत तो मेल्यासारखा खेळला आणि हरला. तरी रँकिंगच्या यादीत आठांतलं नाव कायम राहिलं.

 परतीच्या वाटेवर धुळ्याच्या पुढे आप्पाने समोर बघतच विचारलं, "रायसिंग, तू देखं का?"

"पाहिलं, आप्पा," रायसिंग म्हणाला आणि गिअर बदलला. 

गावात वेगळाच थाट होता. व्यापाऱ्यांनी हॉलच्या खाली फलक लावला होता, बँड बोलावला होता. रविवारी सकाळी सत्कार. मिरचीच्या भिंतींना झिरमिळ्या लावल्या होत्या आणि सगळे पाहुणे खोकत होते. गोदामाच्या मालक शेठजींनी शाल घातली, नारळ दिला, आणि दोन शब्द बोला म्हणाले. आप्पाने शाल काढून खुर्चीवर ठेवली. शर्टही काढला. बनियनवर टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"मन्ही बाही लागनी," म्हणाला. "गुलाबीले लागनी. मले मालूम व्हतं. मी बोलनू नही. मले जिंकनं व्हतं."

लोकांना आधी कळलंच नाही. कळल्यावर शेठजी हसले आणि एवढ्या तेवढ्याने काय होतं म्हणाले. आप्पाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. डावा हात लाकडी काठावर पालथा ठेवला आणि उजव्या हाताने क्यू उलटी करून रायसिंगपुढे धरली. "मार."

रायसिंगने क्यू घेतली. तिचं वजन हातात तोललं. हॉलमध्ये खोकणंसुद्धा थांबलं. मला वाटलं तो मारणार, आणि खरं सांगायचं तर त्याने मारावं असं मला वाटत होतं. पण त्याने क्यू टेबलावर आडवी ठेवली.

"मी नाही मारणार," तो म्हणाला. "आप्पा, त्या दिवशी माझा फाऊल नव्हता. जीपची चावी खिशात होती. मी वाकलो तेव्हा ती लाकडाला लागली. तो आवाज तुम्ही ऐकला."

आप्पाचा हात काठावर तसाच होता. दाराजवळच्या खिळ्याला पितळी कडं लटकत होतं, तिकडे त्याने पाहिलं. "मंग तवय कसाले नही सांगं?"

"सांगितलं होतं. नाही झाला, म्हणालो होतो. तुम्ही म्हणाले, हात ठेव."

एवढं बोलून रायसिंगने चावी काढली आणि तो जिना उतरून गेला.

मग जे झालं ते कुणाला थांबवता आलं नाही. आप्पाने क्यू मध्यावर धरून उचलली आणि तिचं बूड स्वतःच्या डाव्या हातावर आणलं. "हाऊ तडाखा बाहीना," म्हणाला. हाड फुटलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला, पण हात त्याने उचलला नाही. शेठजी पुढे धावले, त्यांना खांद्याने ढकलून पाडलं आणि पुन्हा मारला, आधीपेक्षा जोरात, त्याच बोटांवर. "आनि हाऊ चावीना." या वेळी कातडी फुटून रक्त हिरव्या कापडावर उडालं. ज्या कापडासाठी त्याने एका माणसाचे दात पाडले होते, ते त्याने स्वतःच्या हाताने खराब केलं आणि त्याचं त्याला भानही नव्हतं. खाली बँडवाल्यांना काही कळलं नव्हतं, ते वाजवतच होते.

सत्काराची शाल मी त्याच्या हाताला गुंडाळली. पुष्कळ जण म्हणाले, केवढा सच्चा माणूस. मला ते पटलं नाही, मला संताप आला होता. स्वतःला मारून घेऊन माणूस मोकळा होतो, पण ज्याला मारलं त्याचं बोट वाकडं ते वाकडंच. तसं मी त्याला दवाखान्यात बोललो. त्याने मान हलवली. मोकळा कुठे झालो, सर, एवढंच म्हणाला.

राष्ट्रीय स्पर्धा आली तशी गेली. आप्पाची दोन बोटं वळेनाशी झाली होती, क्यू टेकायला हातच उरला नव्हता. हॉल चालू राहिला, पण ते दोन शब्द तिथे परत कुणी ऐकले नाहीत. कुणी फाऊल लपवला की आप्पा जवळ यायचा. पोरं सवयीने पांढरीफटक व्हायची. तो त्यांना विचारायचा, व्हयना का नही व्हयना? नाही म्हणाले तर बरं म्हणून परत जायचा. पोरं म्हणायची की यापेक्षा तो तडाखा परवडला.

रायसिंग कितीतरी महिने आला नाही. जीप हॉलच्या खालून जायची, थांबायची नाही. मग एका दुपारी आला. मी विचारलं तर म्हणाला, टेबलाचा काय गुन्हा, सर? आप्पाने त्याला आपली क्यू काढून दिली आणि खिडकीशी जाऊन, तोंड मात्र टेबलाकडे करून उभा राहिला. दोघं आधी बोलायचे त्याहून कमी बोलायचे. पण आप्पा त्याला रोज शिकवायचा.

पुढे माझी बदली झाली. गेल्या हिवाळ्यात काही कामाने नंदुरबारला गेलो होतो, सकाळीच हॉलकडे वळलो. दोघं जिन्याच्या तळाशी उभे होते. रायसिंग पुण्याच्या बसने निघाला होता, रँकिंगला. अंगात पांढरा शर्ट, नवा. आप्पा त्याच्या बाहीची घडी कोपराकडे नीट वर सारत होता आणि ती सरकू नये म्हणून वेणीला लावतात तसलं रबर तिच्यावर चढवत होता. न वळणाऱ्या बोटांनी ते जमत नव्हतं. रबर निसटून दोनदा मातीत पडलं. दोन्ही वेळा त्याने वाकून उचललं, बनियनला पुसलं आणि पुन्हा लावायला घेतलं. रायसिंगने मदत केली नाही. तो हात पुढे धरून उभा राहिला, रबर बसेपर्यंत.

मग आप्पाने तोच डावा हात पसरला. "चावी दे."

रायसिंगने खिशातून पितळी कडं काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. आप्पाची बोटं काही मिटली नाहीत. त्याने उजवा हात वर ठेवून चावी झाकली आणि रायसिंगची बस वळून दिसेनाशी होईपर्यंत तसाच उभा राहिला.